घर कधी सोडायचं? कॅलिफोर्नियाच्या वणव्यात आदेशाची वाट पाहणं का महागात पडलं?

७ जानेवारी २०२५. लॉस एंजेलिसजवळच्या ईटन कॅन्यनमध्ये संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास आग लागली. पायथ्याशी असलेल्या अल्टाडेना गावाच्या पूर्व भागातल्या लोकांना त्याच संध्याकाळी घरं सोडायला सांगण्यात आलं. लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना मात्र हा आदेश मिळाला पहाटे साडेतीनच्या सुमारास, म्हणजे आग लागल्यानंतर सुमारे नऊ तासांनी.

या आगीत १९ जणांचा जीव गेला. त्यातले जवळपास सगळे पश्चिम भागातले होते आणि बहुतेक जण वयस्कर होते. ९ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. त्यामुळे एक प्रश्न तेव्हापासून सतत विचारला जातोय: वणवा जवळ आला की कुटुंबाने घर नेमकं कधी सोडायचं?

आग इतकी वेगाने कशी पसरली?

त्या रात्री ‘सांता आना’ वारे वाहत होते. हे वारे वाळवंटाकडून समुद्राकडे येतात, कोरडे असतात आणि डोंगरउतारावर त्यांचा वेग वाढतो. त्या दिवशी काही ठिकाणी तो ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. आधीचे काही महिने पाऊस जवळपास पडलाच नव्हता, त्यामुळे झुडपं वाळून गेली होती.

अशा वाऱ्यात आग फक्त सरकत पुढे येत नाही. पेटते निखारे उडून बरेच पुढे पडतात आणि तिथे नवी आग सुरू होते. डोंगरावरची आग लांब दिसत असली तरी आपल्या मागच्या गल्लीतलं घर पेटलेलं असू शकतं. वाऱ्यामुळे त्या रात्री आग विझवणारी विमानं आणि हेलिकॉप्टरही उडू शकली नाहीत.

‘वॉर्निंग’ आणि ‘ऑर्डर’मध्ये फरक काय?

कॅलिफोर्नियात दोन प्रकारच्या सूचना दिल्या जातात. ‘इव्हॅक्युएशन वॉर्निंग’ म्हणजे धोका येऊ शकतो, तयार राहा. पण घरात वृद्ध, आजारी किंवा दिव्यांग व्यक्ती असतील, पाळीव जनावरं असतील, तर याच टप्प्यावर निघा असं सांगितलं जातं. ‘इव्हॅक्युएशन ऑर्डर’ म्हणजे जिवाला धोका आहे, ताबडतोब निघा. त्यानंतर तो भाग इतरांसाठी बंद केला जातो.

ही व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे: सूचना वेळेवर मिळाली पाहिजे. लॉस एंजेलिस काउंटीने नेमलेल्या संस्थेचा अहवाल सप्टेंबर २०२५ मध्ये आला. जुनाट धोरणं, मनुष्यबळाची कमतरता आणि यंत्रणांमधला ढिसाळ संवाद यांमुळे इशारे द्यायला उशीर झाला, असं त्यात म्हटलं आहे.

उलटही घडलं. ९ जानेवारीला काउंटीतल्या सुमारे एक कोटी लोकांच्या मोबाइलवर घर सोडण्याच्या तयारीचा इशारा चुकून गेला. एकदा खोटा इशारा आला की पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडेही लोक दुर्लक्ष करतात.

लोक वेळेत का निघत नाहीत?

‘मागच्या वेळीही काही झालं नव्हतं’ हा अनुभव पायात अडकतो. घर वाचवायचं असतं. आई-वडिलांना हलवायचं कसं, हे ठरलेलं नसतं. आणि सगळे एकदम निघाले की रस्ते तुंबतात. त्याच दिवशी पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये लोकांना गाड्या रस्त्यातच सोडून पायी पळावं लागलं. त्या गाड्या बाजूला करायला बुलडोझर आणावा लागला.

२०१८ मध्ये पॅराडाइज गावात तर विभागवार बाहेर काढण्याची योजना तयार होती. पण आग इतक्या वेगाने आली की सगळं गाव एकाच वेळी रस्त्यावर आलं. त्या वणव्यात ८५ जणांचा मृत्यू झाला. २०२३ मध्ये हवाईतल्या लहायना शहरात भोंगे होते, पण ते वाजवलेच गेले नाहीत. तिथे १०२ जण दगावले.

मग कुटुंबाने काय करायचं?

आपल्या घराचा इव्हॅक्युएशन झोन आधीच माहीत हवा. बाहेर पडायचे किमान दोन रस्ते ठरलेले हवेत. औषधं, चष्मे, कागदपत्रं, चार्जर आणि पाणी एका बॅगेत तयार हवं. गाडीचं तोंड रस्त्याकडे असावं.

वीज गेली तर गॅरेजचं दार हाताने उघडता आलं पाहिजे. २०१७ च्या वणव्यात दार न उघडल्याने काही जण अडकून मेले. त्यानंतर कॅलिफोर्नियात नव्या स्वयंचलित दारांना बॅटरी सक्तीची झाली.

कॅलिफोर्नियात मुलांकडे राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आई-वडिलांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. दिवसा ते घरी एकटे असतात आणि बऱ्याच जणांना तिथे गाडी चालवता येत नाही. मुलं ऑफिसात असताना आग लागली तर कोणता शेजारी न्यायला येणार आणि सगळ्यांनी कुठे भेटायचं, हे आधीच बोलून ठेवायला हवं.

मोबाइलवरचे इशारे आता आपल्याकडेही येतात. २०२३ मध्ये मोठा आवाज करत आलेला चाचणीचा संदेश अनेकांना आठवत असेल. ही सोय उपयोगाची आहेच. पण अल्टाडेनाच्या पश्चिम भागात मध्यरात्रीच्या आधीच आगीच्या खबरा येत होत्या आणि मोबाइल गप्प होते. त्यामुळे धूर दिसत असेल, वारा आपल्या दिशेने असेल आणि घरात हळू चालणारं माणूस असेल, तर संदेशाची वाट न पाहता निघणं योग्य. आग आली नाहीच, तर एका रात्रीची गैरसोय होईल, इतकंच.