चाकांवरचे कोठीघर

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण पूर्वी काहीशा करुणेने उच्चारली जाई. आता मात्र स्वतःची घरेदारे असलेली माणसेही पंधरा दिवस, महिनाभर असे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेऊ लागली आहेत. मोठ्या व्हॅनमध्ये झोपण्यापुरती दोन बाके, एक लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि शेगडी बसवून घ्यावी आणि निघावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले, तेव्हापासून या हौसेला प्रतिष्ठाही लाभली आहे. दुकान, पेढी मुलांच्या स्वाधीन करून मोकळी झालेली आपल्या समाजातील अनेक जोडपी या मार्गाने तीर्थयात्रेस निघतात. कुंभोज बाहुबलीचे दर्शन घेऊन दक्षिणेकडे वळावे, घाट उतरून कारकळ, वेणूर, मूडबिद्री पाहावे आणि पुन्हा वर चढून श्रवणबेळगोळ गाठावे, असा दहा-बारा दिवसांचा फेरा अशा गाडीतून सुखाने होतो. आम्ही उभयतांनी तो केला आहे.

निघण्यापूर्वी मंडळी मार्गाची, भाड्याची, मुक्कामाची बारकाईने चौकशी करतात. खाण्याचा विषय निघाला की उत्तर बहुधा एकच असते : ‘फरसाणाचे डबे भरून घेतले आहेत, काळजी नाही.’ काळजीचा उगम नेमका या उत्तरात आहे, असे मला वाटते.

माझ्या परिचयातील एक सत्तरीच्या घरातील गृहस्थ मधुमेही आहेत आणि चौविहाराचा त्यांचा अनेक वर्षांचा नियम आहे. एका प्रवासात घाटात वाहतूक खोळंबली आणि सूर्यास्ताला पाऊण तास उरला असता गाडी तिथेच अडकून होती. गाडीत शेव, चकली, शंकरपाळी, सुखडी असे अकरा डबे होते. त्या अकरा डब्यांत एक जेवण नव्हते. त्यांनी मूठभर शेव आणि सुखडीचा एक तुकडा खाऊन नेहमीचे औषध घेतले. मध्यरात्री त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. पत्नीने तत्काळ साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. पच्चक्खाणात प्रकृतीसाठी आगार असतात, तेव्हा व्रतभंगाची खंत बाळगू नका, असे महाराजसाहेबांनी त्यांना पुढे समजावले. तरीही ती खंत त्यांच्या मनातून गेलेली नाही. प्रवासात नियम सुटतो तेव्हा आपण मनाच्या दुर्बलतेला दोष देतो. पुष्कळदा दोष कोठीच्या भरणीचा असतो.

चाकांवरच्या संसारात तीन गोष्टींचे भांडवल मर्यादित असते : पाणी, गॅस आणि दिवसाचा उजेड. धान्य वाटेत कोणत्याही गावी मिळते. ही तीन मात्र हवी तेव्हा, हवी तेवढी मिळत नाहीत. म्हणून या कोठीचे सूत्र एकच ठेवावे. जे न्यावयाचे ते कोरडे न्यावे आणि पाण्याची व त्याची गाठ जेवणाच्या वेळीच घालून द्यावी.

हे सूत्र आपल्याला परके नाही. पदार्थाचा काळ ठरवताना आपल्या पूर्वजांनी ओलाव्याकडेच प्रथम पाहिले. पाण्याचा अंश असलेली पोळी किंवा ठेपला दुसऱ्या दिवशी वासी ठरतो, तर भाजून कोरडा केलेला खाखरा चालतो. पाण्याचा अंश नसलेल्या मिठाईचा व खाखऱ्याचा काळ श्वेतांबर परंपरेत पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवसांचा धरतात. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा त्याच क्रमाने ३, ५ आणि ७ दिवसांची आहे. हवेतील दमटपणा वाढला की मुदत घटते, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. आजचे आहारशास्त्रही सांगते की शिजवलेले ओले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचे तापमान नेमके याच टप्प्यात असते. सकाळचा भात अशा गाडीत ठेवून सायंकाळी खाणे हे नियमाने आणि आरोग्याने, दोन्ही दृष्टींनी टाळावे.

आता प्रत्यक्ष भरणीकडे वळू. डबे पदार्थांनुसार भरण्याऐवजी जेवणांनुसार पिशव्या बांधाव्यात, असे मी सुचवीन. खिचडीच्या पिशवीत एक वाटी तांदूळ व अर्धी वाटी मूगडाळ निवडून घालावी. हळद, जिरेपूड, हिंग, सुंठ आणि मीठ यांची पुडी त्यातच ठेवावी. वाटेत धान्य धुऊन, चार वाट्या पाणी व चमचाभर तूप घालून तीन लिटरच्या कुकरमध्ये शिजवले की दोघांचे जेवण तयार. उपम्यासाठी रवा घरीच तुपावर खमंग भाजावा, त्यात मोहरी, जिरे आणि वाळवलेल्या कढीपत्त्याची फोडणी मिसळून गार झाल्यावर भरावा. वाटेत एका वाटीस अडीच वाट्या उकळते पाणी घालून मंद आचेवर पाच मिनिटे झाकण ठेवले की पुरे. आले चालत नाही तेथे सुंठ आहे, बटाट्याच्या जागी कच्ची केळी आहेत. आपल्या स्वयंपाकाला या बदलांची सवय आहेच.

महाराष्ट्राच्या घराघरांतील दोन जुन्या गोष्टी तर व्हॅनसाठीच जन्मल्या असाव्यात, असे वाटते. पहिली मेतकूट. डाळी, गहू, तांदूळ भाजून, मसाल्यासह कोरडे दळलेले हे पीठ. ऊन ऊन मऊ भातावर तुपासह घातले की वेगळे कालवण लागत नाही. दुसरी सोलापूरकडची कडक भाकरी. ज्वारी-बाजरीची ही पापडासारखी कोरडी भाकरी वरणात कुस्करून खावी, सोबत लसूण न घातलेली शेंगांची चटणी घ्यावी. पोट भरते आणि शेगडीचे काम निम्मे वाचते.

दोघांच्या दहा दिवसांसाठी आमची यादी अशी असते : तांदूळ २ किलो, मूगडाळ १ किलो, अख्खे मूग अर्धा किलो, भाजलेला रवा आणि पातळ पोहे प्रत्येकी पाऊण किलो, मेतकूट पाव किलो, खाखरे ४०, कडक भाकऱ्या २०, तूप अर्धा किलो, तेल अर्धा लिटर, गूळ, फुटाणे व शेंगदाणे प्रत्येकी अर्धा किलो. तीर्थक्षेत्री भोजनशाळेत होणारी जेवणे या यादीतून वजा केलेली नाहीत; ती शिल्लक अडचणीच्या दिवसासाठी असते. ताज्या भाज्यांत तोंडली, दुधी, काकडी, कच्ची केळी घ्यावीत आणि कापडी पिशवीत हवेशीर टांगावीत. लिंबे व न फोडलेले नारळ पुष्कळ दिवस टिकतात. दूध एका वेळी संपेल इतकेच घ्यावे.

खाखरा घेताना मीठ घातलेला टाळावा. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेव, चिवडा, लोणचे आणि खारे खाखरे यांवर दिवस काढला की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि रक्तदाब असलेल्यांचे पाय प्रवासातच सुजू लागतात.

पाण्याचा हिशेब असा. पिणे, स्वयंपाक आणि भांडी मिळून दोघांना दिवसाला १२ ते १५ लिटर पाणी आम्हांस पुरते; स्नान धर्मशाळेत होते. गाळणे सोबत हवेच. उकाळलेल्या पाण्याचा काळ श्वेतांबर परंपरेत पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार व उन्हाळ्यात पाच प्रहर आहे; म्हणून मोठे पातेले भरून उकळण्यापेक्षा काळात संपेल एवढेच पाणी उकळावे. जेवण एका भांड्यात होणारे असले की घासण्याचे पाणी वाचते. ताट धुऊन ते पाणी पिण्याची आपली रीत व्हॅनमध्ये विशेष उपयोगी पडते. अन्न वाया जात नाही, जीवोत्पत्ती टळते आणि भांडे निम्मे धुऊन निघते.

गॅससाठी ५ किलोचे लहान सिलिंडर सोयीचे. मध्यम शेगडीस तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे रोज एक तास शेगडी पेटली तरी ते महिनाभर चालते. खिचडीला दोन शिट्या झाल्या की आच बंद करून कुकर जाड चादरीत गुंडाळून ठेवावा. उरलेले शिजणे आतल्या वाफेवर होते. अबूसारख्या सुमारे १२०० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजण्यास फार वेळ लागतो. तेथे कुकरला पर्याय नाही.

येथे एक इशारा द्यावाच लागेल. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर गाडीच्या तळाशी साचतो. सिलिंडर उभे व घट्ट बांधलेले असावे, निजण्यापूर्वी त्याची चावी बंद करावी आणि स्वयंपाक गाडी थांबवून, दार उघडे ठेवूनच करावा. थंडीत ऊब मिळावी म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवून निजणे प्राणघातक ठरते. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो.

तिसरे भांडवल उजेडाचे. डिसेंबरात कोल्हापूरकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दिगंबर रीतीने त्याआधी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, जेवण आटोपायचे म्हटले तर सव्वापाचपर्यंत हात धुवायला हवेत. म्हणून आमचा नियम असा : काहीही झाले तरी साडेचारला गाडी रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी उभी राहते. पुढचे गाव दहा किलोमीटरवर असले तरी मोह धरायचा नाही.

सायंकाळच्या जेवणाची निम्मी तयारी दुपारीच होते. मूगडाळीचे वरण कुकरमधून उतरताच, उकळते असतानाच, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरावे. थर्मास आधी गरम पाण्याने तापवून घेतलेला असावा. पाच वाजता ते वाफाळते निघते; त्यात कडक भाकरी किंवा खाखरा कुस्करला की पोटभर जेवण होते. अख्खे मूग खायचे असतील तर सकाळी ऊन पाण्यात भिजत घालून दुपारीच शिजवावेत. रात्रभर भिजवून मोड आणण्याचा प्रश्नच नाही.

आणि शेगडी पेटवताच आली नाही, घाटातच अडकून पडलो, तर? त्यासाठी एक जेवण विनाअग्नीचे हवे. पातळ पोह्यांवर नारळाचे पाणी शिंपडावे, ओल्या खोबऱ्याचे बारीक तुकडे, काकडी, शेंगदाणे, मीठ आणि लिंबू घालून दहा मिनिटे दडपून ठेवावे. सोबत मूठभर फुटाणे. मी वर ज्यांचा उल्लेख केला त्या गृहस्थांच्या गाडीत एवढे असते, तरी ती रात्र वेगळी गेली असती. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी जेवणाच्या बदललेल्या वेळेप्रमाणे औषधाची मात्रा व वेळ आपल्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावी आणि गूळ-साखर हाताशी ठेवावी.

कोठीचा रोजमेळही ठेवावा. प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख आणि काळ संपण्याची तारीख चिकटवावी. पेढीवर आधी आलेला माल आधी विकतात, तसा आधी भरलेला डबा आधी उघडावा. मूडबिद्री-कारकळच्या बाजूस घाटाखालची हवा दमट असते. सोलापुरात आठवडाभर कुरकुरीत राहणारा खाखरा तेथे लवकर मऊ पडतो आणि मऊ पडलेला खाखरा कोरडा राहिला नाही, हे समजून घ्यावे. म्हणून खाखरे एका मोठ्या डब्यात न ठेवता दहा-दहाच्या लहान, घट्ट झाकणाच्या डब्यांत विभागावेत. एक उघडला तरी बाकीचे सुरक्षित राहतात.

शेवटी एक सूचना. प्रवासाच्या पंधरा दिवस आधी ही कोठी भरावी आणि दोन दिवस घरीच, केवळ तिच्यावर, काढून पाहावेत. घरचा फ्रीज उघडायचा नाही, दिवसाला १५ लिटरच पाणी घ्यायचे, एकच शेगडी पेटवायची आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे. काय कमी पडले, काय उगाच घेतले, कोणती पिशवी दोघांना अपुरी झाली, हे त्या दोन दिवसांत ध्यानात येते. वजनकाटा आणि वाणसामानाचे दुकान हाताशी असतानाच त्या नोंदींप्रमाणे यादी दुरुस्त करावी आणि मगच गाडीचे आरक्षण पक्के करावे.