काटकसर कोणाच्या जिवावर?

सरकारी तिजोरीत खडखडाट झाला म्हणजे कात्री प्रथम कोठे चालते, हे पाहिले असता राज्यकर्त्यांच्या मनातील खरा अग्रक्रम तत्काळ कळून येतो. रस्त्याचे काम थांबविले तर मक्तेदार ओरड करतो. परंतु महाविद्यालयातील एखादा अध्यापक निवृत्त झाला व त्याची जागा रिकामी ठेविली, तर बोभाटा होत नाही. समुद्रपुरासारख्या तालुक्याच्या गावी बारावीनंतरच्या शिक्षणास जी अवकळा येते, तिचे मूळ या मुकाट काटकसरीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गेल्या पाव शतकाचा क्रम ध्यानात घ्यावा. २००१ साली सरकारने नवीन महाविद्यालयांस कायम विनाअनुदान तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण पत्करले. २०१७ साली प्राध्यापकांची भरती थांबविली. २०१८ च्या नोव्हेंबरात रिक्त जागांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागा भरण्यास परवानगी मिळाली. ते काम पुरे होण्यापूर्वीच महामारी आली, आणि ४ मे २०२० च्या निर्णयाने विकासखर्च ३३ टक्क्यांवर आणून नवीन भरती पुनः बंद झाली. २०२१ साली २,०८८ जागांपुरते दार किलकिले झाले. जागा रिकाम्या होतात प्रतिवर्षी, आणि भरण्याची परवानगी मिळते अशी तुकड्यातुकड्यांनी. या हिशेबाचा मेळ बसावा कसा?

यात कोणताही अभ्यासक्रम हुकुमाने बंद होत नाही, हीच या काटकसरीची खुबी होय. विषय कागदावर राहतो. शिकविणारा मात्र तासिका तत्त्वावरचा असतो. त्यास शिकविलेल्या तासांपुरते पैसे मिळतात, सुटीत काही मिळत नाही, आणि पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे त्याचे त्यास ठाऊक नसते. असा मनुष्य मन लावून शिकवील, परंतु प्रयोगशाळा उभारणार कोण? विद्यार्थ्याचा तीन वर्षे पाठपुरावा करणार कोण? हळूहळू त्या विषयाकडे विद्यार्थी फिरकेनासे होतात. आणि मग विद्यार्थीच नाहीत, तर अध्यापक कशाला, असा प्रश्न तेच सरकार विचारते!

याचा भार कोणावर पडतो? सधन गृहस्थ आपल्या मुलास नागपुरास किंवा पुण्यास पाठवितो. गिरड, कोरा, नंदोरी या बाजूच्या कोरडवाहू कास्तकाराच्या मुलीपुढे तो मार्ग नाही. बारावीपर्यंत तिला अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी.चा प्रवास फुकट. त्यापुढचा पास सवलतीचा, तरी विकतचा. समुद्रपुरास विषय नसेल तर हिंगणघाट किंवा वर्धा गाठावे लागते, आणि परतावयास अंधार होऊ लागला की घरातून प्रथम मुलीचेच शिक्षण थांबते. २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांतील आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरच्या मुलींची शिकवणी व परीक्षा फी सरकारने माफ केली, याबद्दल आम्ही सरकारचे अभिनंदनच करू. परंतु फी माफ केल्याने गावात अध्यापक निर्माण होत नाही.

आमच्या व्यापारी वाचकांस वाटेल की, आम्हांस याचे काय? याच तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानाचे पैशांत रूपांतर व्हावयाचे तर हळदीची परीक्षा करणारा रसायनज्ञ हवा, हिशेब व करपत्रके जाणणारा हवा, परप्रांतीच्या गिऱ्हाइकाशी व्यवहार करणारा हवा. अशी माणसे येथेच तयार न झाली, तर हळद आमची आणि नफा दुसऱ्याचा, असेच होणार.

सरकारवर कर्जाचा बोजा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु १९६६ साली कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणास द्यावेत असे सुचविले, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तोच आकडा पुनः उच्चारला. चोपन्न वर्षांनी तोच संकल्प सोडावा लागतो, यावरून तो मध्यंतरी किती पाळला गेला हे उघड आहे. सारा भरतो शेतकरी आणि शिक्षणाचा लाभ घेतो वरचा वर्ग, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडिली होती. आज साऱ्याच्या जागी वस्तू व सेवा कर आला. तक्रार मात्र जुनी झाली नाही.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींपुरते आहे. निवृत्तीची तारीख आधीच ठाऊक असते. तेव्हा जागा रिकामी होण्यापूर्वीच ती भरण्याची कारवाई सुरू व्हावी. तालुक्याच्या गावी विद्यार्थिसंख्येचा निकष शहराहून सौम्य असावा. आणि प्रत्येक महाविद्यालयाने कोणत्या विषयास कायम अध्यापक आहे व कोणत्यास नाही, याचा तक्ता प्रवेशापूर्वी दाराशी लावावा. शेवटच्या गोष्टीस सरकारी पैची आवश्यकता नाही. तो तक्ता समुद्रपूरच्या नागरिकांनी येत्या प्रवेशाच्या वेळी मागावा. जी उणीव डोळ्यांस दिसते, तिच्याविषयीच लोक जाब विचारू शकतात. आणि जाब विचारणारे लोक असल्यावाचून कोणत्याही सरकारची कात्री आपण होऊन थांबत नाही.