झहराची धाव

घरात भावंडे असली की भांडण हे ठरलेलेच. एक पेन्सिल, एक उशी, खिडकीजवळची एक जागा. भांडायला एवढे पुरते. पण घरात वस्तूच एक असेल आणि गरज दोघांना असेल, तर काय करायचे?

या प्रश्नावर इराणमध्ये १९९७ साली एक सुंदर चित्रपट निघाला. दिग्दर्शक माजिद मजिदी. चित्रपटाचे फारसी नाव ‘बच्चेहा-ये आसमान’. उर्दू शिकणाऱ्या तुम्हांला या नावाचा अर्थ सांगायला नको! ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळालेला तो इराणचा पहिला चित्रपट. २०१० साली त्यावरून ‘बम बम बोले’ हा हिंदी चित्रपटही निघाला. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला असेल.

तेहरान शहरातील एका गरीब वस्तीत अली आणि त्याची धाकटी बहीण झहरा राहतात. अली झहराचे बूट मोच्याकडून दुरुस्त करून आणतो. वाटेत बटाटे घेण्यासाठी दुकानात शिरतो आणि बुटांची पिशवी बाहेर ठेवतो. कचरा गोळा करणारा माणूस ती पिशवी चुकून घेऊन जातो. घरी आई आजारी, घराचे भाडे थकलेले. नवे बूट कोठून आणायचे?

अलीला थाप मारता आली असती. “बूट अजून तयार नाहीत” एवढे म्हटले असते, तरी दोन दिवस निभावले असते. पण तो झहराला त्याच दिवशी खरे सांगतो.

हे मला का महत्त्वाचे वाटते, ते सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या घरी एकच कंपासपेटी होती. आपा सकाळच्या पाळीत आणि मी दुपारच्या. एकदा माझ्या हातून कोनमापक तुटला. मी त्याचे तुकडे पेटीत ठेवले आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी भूमितीच्या तासाला आपाला उभे राहावे लागले. अम्मीने विचारले, तेव्हा आपा म्हणाली, “माझ्याच हातून तुटला.” मी तेथेच बसून जेवत होतो. तो घास मला अजून आठवतो.

शिक्षकांशी आपण खरे बोलतो, कारण तेथे पकडले जाण्याची भीती असते. लहान भावंडाला फसवणे मात्र फार सोपे असते. ते कोणाकडे तक्रार करणार? म्हणून खरेपणाची परीक्षा तेथेच होते, असे माझे मत आहे.

आता या भावंडांची युक्ती पाहा. अब्बांना ऐकू जाऊ नये म्हणून दोघे वहीत लिहून एकमेकांशी बोलतात आणि तोडगा काढतात. झहराची शाळा सकाळी, अलीची दुपारी. मग अलीचेच बूट दोघांनी वापरायचे! शाळा सुटली की झहरा धावत गल्लीत येते, तेथे दोघे चपला-बूट बदलतात आणि अली शाळेकडे धाव घेतो. बूट मळलेले म्हणून झहरा कुरकुरते, तर दोघे मिळून ते साबणाने धुतात आणि फेसाचे फुगे उडवतात.

पुढे अली धावण्याच्या शर्यतीत भाग घेतो. तिसरे बक्षीस बुटांचा जोड, म्हणून त्याला तिसराच यायचे असते! पण शेवटच्या धडपडीत तो पहिला येतो आणि रडू लागतो. ही गोष्ट वर्गात सांगितली की सगळे म्हणतात, “सर, अली खरा नायक!”

मला तसे वाटत नाही. अली एक शर्यत धावला. तेथे टाळ्या होत्या, छायाचित्रे होती. झहरा रोज धावली. भावाचे मोठे बूट तिच्या पायांत ढिले होत. एकदा एक बूट गटारात पडून वाहत गेला, तेव्हा ती रडत त्याच्यामागे पळाली. तिच्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही. आपल्या घरांतही असेच होते. बहिणीने सांभाळून घेतले तर ती रीत, आणि भावाने घेतले तर ते कौतुक! हा हिशेब मला मुळीच पटत नाही.

झहराचे मन किती मोठे आहे पाहा. एके दिवशी तिला आपले हरवलेले बूट शाळेतील एका मुलीच्या पायांत दिसतात. भाऊबहीण त्या मुलीच्या घरापर्यंत जातात. तिचे वडील अंध आहेत, हे पाहून दोघे काही न मागता परत फिरतात.

एका गोष्टीत मात्र माझे या भावंडांशी जमत नाही. त्यांनी अब्बांना सांगायला हवे होते. त्यांचे अब्बा कसे आहेत? मशिदीची साखर फोडायला घरी आणलेली असते. समोर ढीग असूनही ते स्वतःच्या चहासाठी त्यातला एक खडा घेत नाहीत, कारण ती अमानत आहे. अशा माणसाला खरे ऐकवण्याची भीती कशाला? थकलेल्या वडिलांवर ओझे नको, ही मुलांची भावना मला समजते. तरीही मुलांचे दुःख जाणून घेण्याचा वडिलांना हक्क आहे.

चित्रपटाच्या शेवटी अब्बांच्या सायकलवर नवे बूट दिसतात. मुलांना हे अजून माहीत नाही. पहिला आलेला अली मान खाली घालून घरी येतो. झहरा त्याच्याकडे आशेने पाहते, त्याचा चेहरा वाचते आणि काही न बोलता आत निघून जाते. अली आपले फोड आलेले पाय अंगणातल्या हौदात सोडून बसतो, आणि लाल मासे त्याच्या पायांभोवती गोळा होतात.