यंत्र मुकें झालें म्हणजे

घरांतील एखादें यंत्र चालेनासें झालें कीं आपणांस बहुधा दोनच उपाय सुचतात. एक तर त्यास थोपटून पहावें, नाहीं तर तें बिघडलें असें ठरवून मोकळें व्हावें. तें कां चालत नाहीं, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. ह्या संवयीविषयीं चार शब्द लिहावेत असें आम्हांस वाटलें, त्यास गेल्या सुटींतील एक प्रसंग कारण झाला.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकाची आंतली हार्ड डिस्क निकामी झाली. तूर्त काम चालावें म्हणून त्यानें मामांच्या जुन्या संगणकाच्या साह्यानें एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर लिनक्स बसविलें व ती डिस्क घरच्या संगणकास जोडली. पडद्यावर उत्तर आलें कीं, बूट करण्याजोगें साधन सांपडलें नाहीं. एका हितचिंतकानें तत्काळ सल्ला दिला, "डिस्क पुसून टाक आणि सारें नव्यानें कर." परंतु त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागांत मुलाच्या दिवंगत आजीनें म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण होतें, आणि त्याची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. मुलगा थांबला. त्याचें हें थांबणेंच आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें.

संगणक सुरू कसा होतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. कळ दाबतांच मुख्य फलकावर बसविलेलें फर्मवेअर जागें होतें. १९८१ सालच्या आयबीएम पीसींत त्यास बायोस म्हणत. आतां त्याची जागा यूईएफआय ह्या पद्धतीनें घेतली आहे. हें फर्मवेअर ठरलेल्या क्रमानें एकेका साधनाकडे जाऊन प्रणाली सुरू करणारा प्रोग्रॅम शोधतें. तो मिळाला तर पुढील सूत्रें त्याच्या हातीं देतें. तेव्हां आपले प्रश्नहि ह्याच क्रमानें विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न, डिस्कला वीज पुरेशी मिळते काय? यूएसबी २.० मधून ५०० व ३.० मधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळावा असा दंडक आहे. फिरत्या तबकडीची डिस्क सुरू होतांना कधीं त्याहूनहि अधिक मागते. म्हणून मधला हब काढून डिस्क सरळ संगणकास जोडावी व केबल बदलून पहावी. दुसरा, फर्मवेअरला डिस्क दिसते काय? यंत्र सुरू होतांना एफ१२, एफ९ किंवा एस्केप अशी त्या त्या बनावटीची ठरलेली कळ दाबली म्हणजे साधनांची यादी समोर येते. तिसरा, डिस्कवर खरोखर बूट होणारी प्रणाली आहे काय? नुसत्या फाइली नकलल्यानें ती तशी होत नाहीं; आणि विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबी डिस्कवर विंडोज बसविण्यास नकारच देतो. चौथा, डिस्क व यंत्र ह्यांची पद्धत एकच आहे काय? केवळ बायोस पद्धतीनें तयार केलेली डिस्क यूईएफआयपुरत्याच लावलेल्या यंत्रावर सुरू होत नाहीं. तसेंच सिक्युअर बूट चालू असल्यास मान्य सही नसलेला प्रोग्रॅम अडविला जातो.

आमच्या विद्यार्थ्यास उत्तर मिळालें तें चौथ्या प्रश्नापाशीं. मामांचा संगणक जुन्या पद्धतीचा, घरचा नव्या पद्धतीवर लावलेला! सुदैवानें त्याच्या सेटिंगमध्यें जुनी पद्धत चालूं देण्याची सोय होती. ती स्वीकारतांच लिनक्स सुरू झालें. ओव्या शाबूत राहिल्या, व त्याच रात्रीं त्यांची दुसरी प्रतहि झाली. अलीकडील पुष्कळ यंत्रांत ही सोय नसते. तेथें डिस्कवरील ऐवज आधीं दुसरीकडे उतरून घ्यावा, आणि मगच ती नव्यानें तयार करावी.

कांहीं पालक म्हणतील कीं, कारागीर हें काम अर्ध्या तासांत करील, मग मुलानें अभ्यासाचे तीन दिवस कां घालवावेत? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊं लागला तर ती तत्क्षणीं बंद करून जाणत्याकडेच नेली पाहिजे. तेथें आपलें धाडस नुकसानीचेंच ठरेल. परंतु जेथें कांहींच मोडलेलें नाहीं, केवळ दोन पद्धतींचा मेळ बसत नाहीं, तेथें कारण शोधणें हाहि अभ्यासच होय. प्रयोगशाळेंत आम्ही मुलांस हेंच शिकवितों, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व काय घडलें तें वहींत टिपून ठेवावें. चार सेटिंगें एकदम बदलणारा मुलगा यंत्र कदाचित् सुरू करील, पण तें कशानें सुरू झालें हें त्यास कधींच सांगतां येणार नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें एवढेंच कीं, पुसण्यापूर्वी प्रत करा. विंडोज बिटलॉकरनें कुलूपबंद असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी रिकव्हरी की लिहून ठेवा. आणि पालकांस आमची विनंती अशी कीं, मूल यंत्रापुढें वही घेऊन बसलें असेल तर त्यास घाई करूं नये. बिघडलेलें यंत्र नवें आणतां येतें; उतावळेपणानें पुसलेला आजीचा आवाज कोणत्या दुकानांत मिळणार?