पहिली भट्टी पेटण्याआधी



भीमजयंतीच्या आठवड्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास गल्लीतून हाक आली, "सिस्टर, लवकर या." जाऊन पाहतो तर 19 वर्षांचा मुलगा, आयटीआयला जाणारा. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, हनुवटी आणि छातीही. कुणीतरी त्यावर टूथपेस्ट थापली होती. आई म्हणत होती, स्टोव्हचा भडका उडाला. पण त्या घरात स्टोव्ह नाहीच, गॅस आहे. कोपऱ्यात झाकण उडालेला कुकर पडला होता, शिट्टीच्या जागी नळी जोडलेली. खोलीत आंबलेल्या गुळाचा वास भरला होता.

मुलगा शुद्धीवर होता. दवाखान्यात नेताना रिक्षातच त्याने सगळे सांगितले. तिघा मित्रांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता. "दुकानातली महाग, अड्ड्यावरची भेसळीची. म्हटलं घरीच काढू, शुद्ध. पहिल्यांदाच करून बघत होतो, सिस्टर."

आज आम्हाला या "घरीच, शुद्ध, पहिल्यांदाच" बद्दलच बोलायचे आहे. दारूने संसार उद्ध्वस्त होतात हे आपल्या वस्तीतल्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. पण हल्ली पिण्याच्या पलीकडे, गाळण्याकडे पहिले पाऊल टाकणारी दोन प्रकारची माणसे आम्हाला दिसतात. एक, व्हिडिओ पाहून गंमत म्हणून करणारी तरुण पोरे. दुसरी, हप्ते फेडता फेडता थकलेली बाई. दोघांनाही वाटते की थोडीशी, घरातली आणि स्वच्छ हाताने काढलेली दारू म्हणजे धोका नाही. हा समज चुकीचा आहे आणि तो जीव घेतो.

दहा बाय दहाच्या खोलीत

दारू म्हणजे अल्कोहोल. ते सुमारे 78 अंशांवर उकळते, पाण्याच्या बरेच आधी. त्याची वाफ पेट घेणारी असते आणि हवेपेक्षा जड असते, म्हणून ती खाली जमिनीलगत साचते. आपल्या घरांत खिडकी एक, तीही बऱ्याचदा बंद. त्याच खोलीत गॅस, देव्हारा काढून मांडलेल्या बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती, झोपलेली मुले. नळीतून वाफ थोडी जरी निसटली तरी ती शेगडीपर्यंत पोचते. नळीत फेस किंवा गाळ अडकला तर कुकरमधला दाब वाढत जातो आणि झाकण उडते. त्या मुलाच्या घरी हेच झाले. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात नीट दिसतही नाही. आग लागली आहे हे कळायच्या आत कपडे पेटलेले असतात.

भाजल्यावर काय करावे तेही इथेच सांगतो. नळाचे साधे गार पाणी 20 मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काही लावू नये. अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात, चिकटलेला कपडा ओढू नये. मग 108 ला फोन करावा.

भांड्यांचेही तसेच. जुना पत्र्याचा डबा, भंगारातली नळी, डाग दिलेले जोड. त्या डागात शिसे असू शकते आणि ते दारूत उतरते. शिसे एका दिवसात मारत नाही. ते अंगात साठते, पोटात कळा येतात, रक्त कमी होते, मज्जातंतू दुखावतात. "किक" यावी म्हणून सडव्यात नवसागर टाकणारे आहेत. ते पोटात गेल्यावर काय करते, याचा विचार टाकणारा करत नाही आणि पिणाऱ्याला ते माहीतही नसते.

पहिल्या धारेची

व्हिडिओवाले सांगतात, सुरुवातीची थोडी फेकून द्या, विष तिच्यात जाते. आपल्या वस्तीत उलटे आहे. इथे पहिल्या धारेचीला जास्त भाव, ती खास गिऱ्हाइकासाठी बाजूला काढून ठेवतात. दोघेही आपापल्या ज्ञानावर खूश असतात. म्हणून यातले विज्ञान समजून घेऊ.

ज्या विषाने माणसे आंधळी होतात आणि मरतात ते मिथेनॉल. साखर-गुळाच्या आंबण्यातून ते फारच थोडे तयार होते, फळांच्या सालीतून-गरातून थोडे जास्त. मिथेनॉल अल्कोहोलच्या आधी उकळते हे खरे. पण घरच्या कुकरमध्ये दोन्ही वेगळे होत नाहीत, ते पुढच्या धारेतही येत राहते. म्हणजे "पहिली फेकली की झाले" हा हिशोब पक्का नाही.

मोठा धोका मात्र याहून वेगळ्या ठिकाणी आहे. शेकड्यांनी माणसे मेली ती गुळाच्या मिथेनॉलने नव्हे, कारखान्याच्या मिथेनॉलने. थिनर, रंग, रसायने बनवायला वापरतात ते. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. 2022 च्या जुलैमध्ये गुजरातच्या बोटाद भागात चाळीसहून अधिक. 2024 च्या जूनमध्ये तामिळनाडूत कल्लकुरिचीला साठहून अधिक. तिन्ही ठिकाणी मिथेनॉल. मरणारे हमाल, बिगारी, रोजंदारीवाले. म्हणजे आपलीच माणसे.

मिथेनॉल डोळ्यांनी, नाकाने किंवा जिभेने ओळखता येत नाही. चमच्यात पेटवून निळी ज्योत बघण्याची परीक्षा निरुपयोगी आहे, कारण दोन्ही जळतात तेव्हा ज्योत जवळपास सारखीच दिसते. शुद्ध मिथेनॉल दोन छोटे चमचे, म्हणजे सुमारे 10 मिली, पोटात गेले तरी दृष्टी कायमची जाऊ शकते.

आणि ते लगेच कळत नाही. 12 ते 24 तासांनी पोट दुखू लागते, उलट्या होतात, धाप लागते, डोळ्यांपुढे धुके आल्यासारखे होते. घरचे म्हणतात, जास्त झाली असेल, झोपू द्या. कुणी सकाळी उतारा म्हणून आणखी एक ग्लास देतो. वॉर्डात असताना असे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. "लाईट गेली का हो?" असे भर दुपारी विचारणारा माणूस विसरता येत नाही. वेळेत पोचला तर उपचार आहेत. औषध आहे, डायलिसिस आहे. पण नातेवाईक पोलिसांच्या भीतीने "काहीतरी खाल्लं" एवढेच सांगतात आणि मौल्यवान तास वाया जातात. डॉक्टरला खरे सांगा. एमएलसीची नोंद होईल, होऊ द्या. आधी जीव.

एका कॅनपासून

आता दुसऱ्या बाईबद्दल. आमच्याच वस्तीतली, नवरा गेलेला, दोन मुली. फायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता थकला तेव्हा तिने ओळखीतल्या एकाच्या सांगण्यावरून एक कॅन सडवा लावला. ती स्वतः थेंब घेत नाही. पौर्णिमेला विहारात येते, पांढरी साडी नेसून पंचशील म्हणते. आम्ही समजावायला गेलो तेव्हा तिने विचारले, "आम्ही पीत नाही ना ताई, मग शील कुठं मोडलं?"

त्या वेळी आम्हाला तिच्यावर रागावता आले नाही. पण तिला उत्तर देणे आवश्यक होते.

घरची दारू शुद्ध ठेवणे हे एकटीच्या हातात फार काळ राहत नाही. पहिले दोन महिने ती स्वतः गूळ आणते, स्वतः गाळते. मग गिऱ्हाईक म्हणते, पलीकडची जास्त चढते. मग कुणीतरी म्हणतो, भट्टी कशाला लावतेस, धूर दिसतो, मी तयार माल देतो, तू फक्त पाणी घालून पिशव्या भर. ट्रकच्या ट्यूबमधून माल येतो. त्यात काय आहे ते तिला माहीत नसते, आणणाऱ्याला बऱ्याचदा माहीत नसते. मिथेनॉल वस्तीत शिरते ते याच वाटेने. बोटादमध्येही कारखान्यातले रसायन गावच्या छोट्या विक्रेत्यांपर्यंत असेच पोचले होते. घडल्यावर कारखाना दूर राहतो, आणि ज्यांनी विकत घेतले त्यांच्याच गल्लीतली बाई आधी पोलिसांच्या गाडीत बसते.

कायदाही तिच्या बाजूने नाही. 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात घरापुरती गाळण्याची सवलत नाही. कलम 65 खाली गाळणे, विकणे, गाळण्याची भांडी जवळ बाळगणे, सगळेच गुन्हे आहेत. "थोडीशीच होती" ही सबब चालत नाही. त्या आयटीआयच्या पोरांनाही ती चालणार नाही, आणि गुन्हा नोंदला गेला की नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो पुढे येतो.

काही मित्र आमच्याशी वाद घालतात. म्हणतात, सरकार स्वतः परवाने देते, दारूच्या करावर तिजोरी भरते, आणि गरिबाने चार बाटल्या गाळल्या की गुन्हा? इंग्रजांनी 1878 च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात गाळण्यावर ताबा बसवला तो महसुलासाठीच होता, हेही ते सांगतात. या म्हणण्यात तथ्य आहे, आम्ही ते नाकारत नाही. छापा झोपडीवर पडतो आणि बारवर पडत नाही, यात जात आणि वर्ग दोन्ही आहेत. त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण सरकारच्या ढोंगाचे उत्तर आपल्या मुलांच्या यकृताने द्यायचे का? परवान्याची दारूही शरीराला दारूच असते. ती कर्करोग देते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 पासून सांगितले आहे. घरच्या दारूत तेच सगळे अधिक बेभरवशाची तीव्रता, अधिक आग, अधिक शिसे.

शील कुठे मोडले

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती सर्वांना पाठ आहे. पण तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकाही आहे. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार भगवंतांनी सांगितले : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मादक पदार्थांचा आणि विषाचा. गाळणाऱ्या घरात यांतला चौथा असतोच, आणि पाचवा कधी येईल सांगता येत नाही. न पिता विकणाऱ्याचे शील शाबूत राहते, अशी पळवाट धम्मात नाही.

हे तिला सांगितले. ती म्हणाली, "खरंय ताई. मग हप्ता कोण भरणार?"

हा प्रश्न तिने आपल्या सगळ्यांना विचारला आहे. तिला शील शिकवायला आपण चौघीजणी गेलो, पण पहिला हप्ता थकला तेव्हा कुणी गेले नव्हते. आणि आणखी एक कडू गोष्ट. जयंतीच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकात मोठे आकडे कुणाच्या नावापुढे असतात, ते प्रत्येक मंडळाला माहीत आहे. अड्डेवाल्याच्या पैशाने मंडप घालायचा, त्यालाच व्यासपीठावर हार घालायचा, आणि विहारात पाचवे शील म्हणायचे. पोरांना दोन्ही दिसते. त्यातले कोणते खरे, ते पोरे बरोबर ओळखतात.

आपल्या हातात असलेले

परवान्याचे दुकान बंद करायला महिलांच्या मतदानाची, आडव्या बाटलीची सोय कायद्यात आहे. हातभट्टीला दुकानच नसते, म्हणून तिथे ते हत्यार चालत नाही. तिथे वस्तीलाच उभे राहावे लागते. आमच्या महिला मंडळाने ठरवलेल्या गोष्टी इथे मांडतो, तुमच्याकडे जमतील त्या घ्या.

मंडळाच्या बचतीतून एक छोटा आपत्कालीन निधी वेगळा काढायचा. ज्या बाईचा हप्ता थकला तिला एक-दोन हप्त्यांपुरते बिनव्याजी द्यायचे, नाव जाहीर न करता. त्या दोन मुलींच्या आईला आम्ही असेच दिले. तिने कॅन रिकामा केला आणि आता ती शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकात मदतनीस आहे. पैसे कमी मिळतात, पण रात्री दार वाजले की ती दचकत नाही.

जयंती मंडळांनी दारूच्या धंद्यातली वर्गणी घेऊ नये. मंडप लहान झाला तरी चालेल.

पोरांना ओरडण्याऐवजी वर्षावासात विहारात एक रविवार त्यांच्यासाठी ठेवावा. ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास. वाफ, आग, मिथेनॉल, कायदा, सगळे मोकळेपणाने सांगावे. "वाईट आहे" एवढे म्हटले की ती मोबाईलकडेच जातात.

ज्या घरात रोजचा पिणारा आहे त्यांनी त्याची दारू एकदम तोडू नये. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने अचानक सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके, भास, थरकाप होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येते.

तो मुलगा आता बरा आहे. उजव्या हाताची दोन बोटे अजून पूर्ण वळत नाहीत. फिटरच्या प्रॅक्टिकलला त्याला हत्यार नीट धरता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी तो आमच्याकडे व्यायामाला येतो. परवा त्याला विचारले, रविवारी विहारात पोरांसमोर बोलशील का? थोडा वेळ हाताकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बोलतो. पण आईने स्टोव्ह सांगितलं होतं, ते नका सांगू."

आईची परवानगी घेऊनच हे लिहिले आहे. ती म्हणाली, लिहा, दुसऱ्या कुणाचे पोर वाचेल.

जयभीम! नमो बुद्धाय!