बटण दाबणारे आणि बटण बसवणारे

दिवाळीनंतर एखाद्या दुपारी मंठ्याच्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात तासभर उभे राहा. शिबिराला जायची गरज पडणार नाही.

आम्ही उभे होतो. एक पोरगी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आलेली. बारावी पास, कॉलेजात नाव घातलेलं. दुकानदारानं साइट उघडली, नाव टाकलं, जात टाकली, उत्पन्नाचा दाखला चढवला. मग साइट म्हणाली, ओटीपी पाठवलाय. कुठं? बापाच्या मोबाइलवर. बाप कुठं? कोल्हापूरकडं उसाच्या फडात, हातात कोयता. पोरीनं फोन लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा मायनं उचलला, पण तिला मेसेज उघडता येईना. बाजूच्या कोपीतलं एक पोरगं बोलावलं, त्यानं आकडे वाचून दाखवले. तोवर वेळ संपली. पुन्हा पहिल्यापासून. दुकानदाराचे पैसे वेगळेच. पोरगी काय म्हणाली माहीत आहे? 'माझंच चुकलं असंल.'

ते वाक्य अजून डोक्यातनं जात नाही.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. कुठल्यातरी एसी खोलीत टेबलाभोवती चारजण बसले असतील. त्यांनी धरून चाललं की बाप मोबाइल उशाला घेऊन घरीच असतो आणि आकडे वाचायला दोन मिनिटं पुरतात. त्यांच्यात कुणी राक्षस असेल असं आम्ही म्हणत नाही. फडावर गेलेला कुणी त्यांच्यात नव्हता, एवढंच. आणि नेमकं तेच भयंकर आहे. राक्षसाविरुद्ध मोर्चा काढता येतो. ज्याला आपण दिसलोच नाही, त्याच्याविरुद्ध कसला मोर्चा काढणार?

टेबलावरचं हे काम विद्यापीठात शिकवतात. कुठं त्याला इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडिया म्हणतात, कुठं इंटरॅक्शन डिझाइन. नाव जड, गोष्ट साधी. अक्षर, चित्र, आवाज, फिल्म एकत्र मांडायची, आणि माणसानं बोट लावलं की यंत्रानं उत्तर द्यायचं. सिनेमा तुमचं ऐकत नाही, हे ऐकतं. जलशातला शाहीर समोरचं पब्लिक बघून गाणं लांबवायचा, आखडायचा, तसंच. फक्त इथं पब्लिक काय करील याचा विचार आधी करून ठेवावा लागतो. म्हणजे पब्लिक कोण, हे आधी माहीत पाहिजे.

पवईच्या आयआयटीत 1969 साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघालं. तिथं आज हा विषय एम.डेस.ला आहे. र. कृ. जोशी तिथं शिकवायचे. विंडोजवर देवनागरीचा जो 'मंगल' फॉन्ट आहे, तो त्यांनी काढलेला. म्हणजे मंगलमध्ये टाइप केलेली आपली प्रत्येक शिवीसुद्धा त्यांच्या हाताखालून गेलेली आहे! 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक यंत्राला शिकवायचा तर टेबलावर मराठी येणारा माणूस बसावा लागतो. फडाचंही तसंच आहे. फड जाणणारा माणूस टेबलावर पाहिजे.

पण पवईला पोचायचं कसं? एम.डेस.ला 'सीड' नावाची परीक्षा, बी.डेस.ला 'यूसीड'. पेपर इंग्रजीत. राखीव जागा आहेत. मंठ्यातल्या किती पोरांना या परीक्षांचं नाव ठाऊक आहे? गाडी धरायलाच जिथं परतूर गाठावं लागतं, तिथं हे नाव कोण सांगणार?

आपल्या वाट्याला आलं एमएस-सीआयटी. 2001 पासून तालुक्यातालुक्यात आलं. माऊस धरायला शिकलो, फाइल सेव्ह करायला शिकलो. वाईट नाही झालं. पण ते गाडी चालवायला शिकणं झालं. रस्ता कुठनं काढायचा ते वेगळेच लोक ठरवतात. आणि रस्ता वस्तीला वळसा घालून कसा जातो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

शहरातल्या क्लासवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. मल्टिमीडियाच्या डिप्लोमाच्या नावाखाली वर्षानुवर्षं फ्लॅश शिकवलं. 31 डिसेंबर 2020 ला अ‍ॅडोबीनं फ्लॅशला मूठमाती दिली. ज्यांनी नुसते मेनू पाठ केले होते त्यांचं शिक्षण त्या रात्री संपलं. ज्यांना माणूस बघायला, कागदावर काढायला, चुकलं की फाडायला शिकवलं होतं, ती पोरं दुसऱ्या दिवशी दुसरं हत्यार घेऊन कामाला लागली. तेव्हा कुठल्याही कोर्सला नाव घालताना आधी विचारा: मास्तर, आम्हाला माणसांकडं नेणार का, का नुसतं कॉम्प्युटरपुढं बसवणार?

कारण या विद्येत थोतांड नाही, तिला हिशेब आहे. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 साली मोजून दाखवलं, की निशाण जितकं लांब आणि जितकं लहान, तितका हाताला पोचायला वेळ जास्त. आता कापूस वेचून बोटं फाटलेली बाई डोळ्यापुढं आणा आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं ते मुगाएवढं बटण आणा. रेशनच्या मशीनवर झिजलेला अंगठा उमटत नाही म्हणून माणूस रिकाम्या पिशवीनं परत येतो, तेही याच हिशेबात बसतं. हात झिजला हा काय त्याचा गुन्हा आहे?

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती छापखान्याची आहे आणि आपण मासिकवाले. 1980 च्या सुमारास स्वीडन-डेन्मार्कात छापखान्यांत संगणक शिरत होते, कंपोझिटरांच्या हातचं काम जाणार असं दिसत होतं. तिथल्या छापखाना कामगारांच्या युनियननं संशोधकांना बरोबर घेतलं आणि यंत्र कसं पाहिजे ते कामगारांनी ठरवायला घेतलं. 1981 ते 1985 हे चाललं, नाव 'युटोपिया'. हवी ती यंत्रं हाताशी नव्हती, मग पुठ्ठ्याची खोकी मांडली. एका खोक्यावर लिहिलं 'लेझर प्रिंटर', आणि खोटं खोटं काम करून खरं शोधलं. आज जगभर डिझाइनच्या वर्गात प्रोफेसर लोक हे शिकवतात. त्यांचे मास्तर कंपोझिटर होते!

आता घरचं. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी 1978 ला वस्त्या जळाल्या, माणसं मेली. 14 जानेवारी 1994 ला बाबासाहेबांचं नाव लागलं. दरवर्षी त्या दिवशी आपण गेटवर गर्दी करतो. करावीच. पण गेटच्या आत गेल्यावर काय शिकायचं, यावर चळवळीत कितीदा बोललो? आपली पोरं पुण्याच्या अभ्यासिकांत एमपीएससीच्या नावानं तारुण्य जाळतात. खुर्ची पाहिजे. अरे, खुर्चीतल्या साहेबालाही आता स्क्रीन सांगेल तेच करावं लागतं! 'साहेब, सिस्टीम घेत नाही' म्हटलं की संपलं. सत्ता खुर्चीतनं उठून सिस्टीममध्ये जाऊन बसली आणि आपण अजून खुर्चीच्या रांगेत. विद्यापीठात हा विषय मागा. मराठीत मागा. प्रोजेक्ट तांड्यावर, वस्तीत, फडावर करू द्या म्हणून भांडा.

तूर्त आम्ही एवढंच केलं. बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्याचा मोबाइल केला. कागदाच्या चिठ्ठ्यांची बटणं. ओटीपीच्या जागी दोन चिठ्ठ्या: 'फोन माझ्याजवळ आहे' आणि 'फोन दुसऱ्याजवळ आहे'. दुसरी दाबली की मुदत एका दिवसाची. पेन्सिल त्या पोरीच्याच हातात दिली. गल्लीतल्या मावशीला बसवलं. मावशीचं बोट भलतीकडंच. म्हणाली, 'इथं कामून दाबू? मला काय कळतंय गं, माझंच चुकतंय.'

पोरीनं चिठ्ठी उचलली, खोडली. 'तुमचं नाही मावशी, फॉर्मच चुकलाय. थांबा.'