फ्रीमेसनांच्या चढत्या पायऱ्या

आमच्या शेतकरी व कारागीर घरांतील मुलें आतां शिकलीं. कोणी डॉक्टर झाला, कोणी इंजिनियर, कोणी वकील होऊन पुण्यामुंबईस राहिला. अशांपैकीं एखाद्यास त्याचे शहरांतील स्नेही फ्रीमेसन लोकांच्या लॉजमध्यें नेतात आणि मग गांवीं कुजबूज सुरू होते. एक म्हणतो, पोरगा धर्मांतून गेला. दुसरा म्हणतो, आतां त्यास मोठी जागा मिळणार. तिसरा म्हणतो, सारें जग हेच लोक चालवितात. आमच्या मतें हे तिघेही चुकतात. परंतु चूक दुरुस्त करावयाची तर खरें काय तें सांगितलें पाहिजे, आणि तें आमच्या गवंडी, वडार, पाथरवट बंधूंनीं तर अवश्य ऐकावें. कारण ह्या सभेनें आपलीं सगळीं निशाणें त्यांच्याच पोतडींतून उचललेलीं आहेत.

मेसन म्हणजे गवंडी. युरोपांत मोठमोठीं देवळें बांधणाऱ्या पाथरवटांचे आपले नियम असत, आपल्या खुणा असत. पुढें हातांत कधीं छिन्नी न धरलेले लोकही त्यांच्या नांवाच्या सभांत बसूं लागले. लंडनांतील चार लॉज एकत्र येऊन १७१७ सालीं ग्रँड लॉज झाली, असा ही संस्था आपला जन्मकाळ सांगते. तेथें गुण्या म्हणजे चोख वर्तन, ओळंबा म्हणजे सरळ चाल, पाणसळ म्हणजे सर्वांची बरोबरी, असा अर्थ शिकवितात आणि कमरेस ॲप्रन बांधतात. पायऱ्या तीन: पहिली शिकाऊ उमेदवाराची, दुसरी कसबी कारागिराची, तिसरी उस्तादाची. प्रवेश मागणारा सज्ञान पुरुष असावा, आणि जगाचा कोणी एक कर्ता आहे अशी त्याची श्रद्धा असावी. त्या कर्त्यास तो कोणत्या नांवानें हांक मारतो हें विचारावयाचें नाहीं, आणि सभेंत धर्माचा व राजकारणाचा वाद काढावयाचा नाहीं, असा नियम आहे. ह्यांत धर्म सोडण्याचा प्रश्न येतो कोठें?

मात्र आमच्या देशांत हें दार सर्वांस सारखें उघडें नव्हतें. माणकजी कर्सेटजी ह्या पारशी गृहस्थांनीं मुंबईंत प्रवेश मागितला तेव्हां त्यांस नकार मिळाला. ते फ्रान्सांत जाऊन मेसन झाले. मग १८४३ सालीं डॉ. जेम्स बर्न्स ह्या स्कॉच गृहस्थाच्या पुढाकारानें मुंबईंत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघाली व तींत हिंदी लोकांस जागा मिळाली. कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त ह्या व्यापाऱ्यानें १८६३ सालीं अर्ज केला. हिंदु मनुष्य अनेक देव मानतो, जात पाळतो, त्यास बंधुत्वाची शपथ कशी द्यावी, असे आक्षेप निघाले. नऊ वर्षें वाद चालून १८७२ सालीं दत्तांस प्रवेश मिळाला. दाराबाहेर तिष्ठत राहणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. परंतु जातीची सबब साहेबाच्या हातीं कोणीं दिली, हेंही आपण विसरूं नये.

त्याच १८७२ सालीं हैदराबादेंतील गोशामहल बारादरी मेसन मंडळीस मिळाली. आमचा बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. म्हणजे तेलगांवच्या कुणब्याचा सारा ज्या राजधानीस जाई, तेथेंच समतेची पाणसळ मांडून हे लोक बसत होते. तिचा पत्ता त्या कुणब्यास नव्हता. पुढें स्वराज्य आल्यावर २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज दिल्लींत स्थापन झाली आणि रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. आतां गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहेब व अवेस्ता हे सारे ग्रंथ तेथें पवित्र मानले जातात. हें चांगलें झालें, असें आम्ही मोकळ्या मनानें म्हणतों.

आतां मुख्य मुद्दा. तिसरी पायरी चढली कीं त्या मनुष्यास आणखी मंडळांचीं बोलावणीं येऊं लागतात. मार्क, रॉयल आर्च, रॉयल आर्क मरिनर, नाइट्स टेम्प्लर, आणि चौथ्या पदवीपासून तेहतिसाव्या पदवीपर्यंत जाणारी स्कॉटिश पद्धति, असा तो पसारा आहे. प्रत्येकाची सभा वेगळी, वर्गणी वेगळी, पोशाख वेगळा, जेवणावळ वेगळी. तिनापेक्षां तेहतीस मोठे, म्हणून तिसऱ्या पायरीचा मनुष्य खालचा व तेहतिसाव्या पदवीचा वरचा, असें कोणासही वाटेल. आम्ही शाळेंत आंकडेच शिकवितों, परंतु हें गणित येथें लागूं पडत नाहीं. १८१३ सालीं इंग्लंडांतील दोन भांडणाऱ्या ग्रँड लॉजांचा समेट झाला, तेव्हां लेखी ठरलें कीं, खरी जुनी मेसनरी म्हणजे रॉयल आर्च धरून तीन पायऱ्या, अधिक नाहीं. लॉजमध्यें तेहतिसाव्या पदवीच्या मनुष्याचा तिसऱ्या पायरीच्या मनुष्यावर कांहीं हुकूम चालत नाहीं. ज्यांस आपण वरच्या माड्या समजतों, त्या बाजूच्या खोल्या आहेत.

आणि त्यांतील कांहीं खोल्यांच्या दारावर पुन्हां पहारा आहे. इंग्लंडांतील प्रघाताप्रमाणें नाइट्स टेम्प्लर व अठरावी रोझ क्रॉय ही पदवी ख्रिस्ती श्रद्धेच्या लोकांसाठींच राखलेली आहे. जो प्रश्न मोठ्या दारावर विचारावयाचा नाहीं असें ठरलें, तोच आंत विचारला जातो! पायरीवर पायरी रचून खालच्यास खालीं ठेवण्याची खोड आमच्या समाजास आधींच पुष्कळ आहे. आमच्या मुलांनीं ती ॲप्रनाखालीं लपवून परत घरीं आणूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढील स्वामी विवेकानंद, १८८४ सालीं कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्यें मेसन झाले. फेब्रुवारींत पहिली पायरी, मे महिन्यांत तिसरी. १८९३ सालीं शिकागोस लोकांनीं त्यांचें भाषण ऐकलें, तें त्यांस कोणती पदवी आहे हें विचारून नव्हे.

तेव्हां ज्यास जावयाचें त्यानें जावें. पण तीन पायऱ्यांचा अर्थ अंगीं मुरण्यापूर्वीं चौथीचा हव्यास धरूं नये. प्रत्येक नव्या मंडळाची वर्गणी, पोशाख व प्रवास ह्यांचा वर्षाचा आंकडा आधीं कागदावर मांडावा. सणासाठीं सावकाराकडे गेलेलीं घरें आपण पाहिलीं आहेत. मानासाठीं कर्ज काढणें त्याहून वाईट. नोकरी-बढतीच्या आशेनें तर जाऊंच नये. तशी आशा धरून येणें त्या संस्थेलाही मान्य नाहीं. हाताची खूण व परवलीचा शब्द गुप्त ठेवण्यास आमची हरकत नाहीं. पण सभेस किती रुपये गेले हें घरच्या बाईपासून गुप्त राहतां कामा नये. ग्रँड लॉजच्या सभेंत बाईस जागा नाहीं. निदान खर्चाच्या हिशेबांत तरी तिला असावी.

ह्या जादा पदव्यांपैकीं एकीची कथा मात्र आम्हांस आवडते. मार्क पदवींत सांगतात कीं, एका कसबी कारागिरानें कमानीचा मधला दगड घडविला. तपासनिसांस तो नकाशाप्रमाणें दिसेना, म्हणून त्यांनीं तो टाकून दिला. पुढें कमान अडली तेव्हां त्याच दगडाचा शोध सुरू झाला. ह्या पदवींत प्रत्येक सभासद आपली एक खूण ठरवून नोंदवितो, आणि कारागिरास मजुरी देण्याचाही भाग त्या विधींत आहे.

आमच्या शेजारीं धारूरचा किल्ला उभा आहे. बांधविणाऱ्यांचीं नांवें बखरी सांगतात. ज्यांनीं सुतकी मारून तो दगड घडविला, त्या कारागिरांचें एकही नांव आज येथें कोणाच्या तोंडीं नाहीं. आजही रस्त्याची खडी फोडणारा वडार आणि कारखान्याची भिंत रचणारा गवंडी बिनखुणेचाच आहे. जे आमचे शिकलेले बंधु त्याचा गुण्या-ओळंबा छातीवर मिरवितात, त्यांनीं घर बांधतांना त्याची मजुरी शनिवारीं चुकती करावी आणि त्याच्या पोराचें नांव शाळेच्या पटावर आहे कीं नाहीं हें विचारावें. एवढें करणारास आम्ही तिसऱ्याच पायरीवर उस्ताद मानूं. न करणारानें तेहतीस पदव्या घेतल्या तरी त्याची पाणसळ आम्ही वांकडीच समजूं.